गाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

आज बचतीचा, हप्त्याचा, कर्जाच्या अर्जाचा विषय नाही. आज सीडीचा, मोबाईलमधल्या गाण्यांचा आणि पोरांच्या गेमचा विषय आहे. मागच्या बैठकीत एका वहिनींनी विचारलं, "घरात डबाभर सीड्या पडल्यात, भंगारवाल्याला देऊन टाकू का? आता सगळं मोबाईलवरच तर मिळतं." आम्ही लगेच उत्तर दिलं नाही. हो म्हणावं तर आमची एक फजिती आठवली, आणि नाही म्हणावं तर दुसरी.

पहिली फजिती महिला दिनाची. पाच गटांनी मिळून कार्यक्रम ठेवला होता. बारा बायकांनी महिनाभर, रोज रात्री जेवणंखाणं उरकून, शाळेच्या पटांगणात नाच बसवला. लग्नानंतर कधी चारचौघांत पाऊल उचललं नाही अशा दोघी-तिघी त्यात होत्या. एकीच्या सासूबाई पहिल्या रांगेत बसणार होत्या. चुका काढायला, असं ती म्हणायची. गाणी एका ताईच्या मोबाईलवर, पैसे भरून घेतलेल्या ॲपमध्ये डाउनलोड केलेली. नावापुढे हिरवी खूणसुद्धा होती. कार्यक्रम मात्र डोंगराकडच्या वाडीवर, देवळासमोर. तिथे रेंज कुठली! स्पीकर जोडला, बायका रांगेत उभ्या राहिल्या, बोट लावलं, आणि पडद्यावर आलं की तुमची मुदत संपली आहे, इंटरनेट जोडा. सगळ्या गाण्यांची नावं समोर दिसत होती, पण एक वाजेल तर शपथ. शेवटी मंडपवाल्याच्या पेन ड्राइव्हमध्ये तेच गाणं सापडलं, पण डीजेचं, आमच्या पावलांच्या दीडपट वेगाचं. बारा जणी धापा टाकत नाचल्या. लोक हसले, त्याही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी एक जण म्हणाली, "महिनाभर केलेलं पाण्यात गेलं बघा ताई." ते आम्हाला लागलं.

आता ते डाउनलोड केलेलं गाणं गेलं कुठे होतं? कुठेच नाही. मोबाईलमध्येच होतं, पण कुलपात, आणि किल्ली ॲपवाल्याकडे. अशा ॲपमधलं डाउनलोड म्हणजे गाणं आपल्याला दिलेलं नसतं, मुदतीपुरतं ऐकू दिलेलं असतं. स्पॉटिफायसारख्या ॲपचा तर नियमच आहे, की ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेट जोडायचं. तेव्हा ॲप कंपनीला विचारतं, या बाईचे पैसे भरलेले आहेत ना? उत्तर गेलं नाही, तर डाउनलोड केलेलं गाणंही गप्प बसतं.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. शेत आपण कसतो, खुरपतो, कापतो, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. वापर आपला, मालकी दुसऱ्याची. गाण्याचंही तसंच धरा. दुकानातून आणलेली सीडी किंवा कॅसेट ही आपल्या नावावरच्या जमिनीसारखी. त्यातलं गाणं छापून विकायचा हक्क आपला नाही, पण ती तबकडी आपली. ऐकावी, मैत्रिणीला द्यावी, लेकीच्या पेटीत घालावी, जुन्या बाजारात विकावी, कुणी विचारायला येत नाही. ॲपमधलं गाणं हे खंडाने घेतलेल्या जमिनीसारखं. खंड भरला तोवर कसा.

आणि या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे, तो बऱ्याच जणींना ठाऊक नसतो. तो म्हणजे आपल्या मालकीची फाइल. मोबाईलवर आपण स्वतः रेकॉर्ड केलेलं भजन, लग्नाचा व्हिडिओ, किंवा जी कंपनी गाणं विकून त्याची मोकळी फाइलच हातात देते ते गाणं. ही फाइल कुठल्याही मोबाईलमध्ये, कुठल्याही स्पीकरवर वाजते. आपल्याकडचं डाउनलोड यातलं कुठलं, ते ओळखायची साधी युक्ती सांगतो. मोबाईलमध्ये विमानाचं चित्र असतं, ते दाबलं की सगळं नेटवर्क बंद होतं. मग ते ॲप न उघडता, मोबाईलच्या फाइलींच्या यादीत किंवा साध्या म्युझिक प्लेअरमध्ये गाणं शोधा. तिथे सापडलं, वाजलं आणि मेमरी कार्डावर उतरवता आलं, तर ते खरोखर तुमच्या हातात आहे. तिथे दिसतच नसेल, तर ते खंडाचं.

आता सीडीकडे वळू. कारण त्या वहिनींचा डबा अजून आमच्या डोक्यात आहे.

सीडी बाजारात आली १९८२ मध्ये. जपानची सोनी आणि हॉलंडची फिलिप्स, दोघींनी मिळून ती काढली. आपल्या गावात पोचायला बरीच वर्षं लागली. आमच्या लहानपणी कॅसेटच होती, टेपात रीळ अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची. सीडी म्हणजे १२ सेंटिमीटरची प्लॅस्टिकची चकती, आत ॲल्युमिनियमचा बारीकसा थर, म्हणून ती आरशासारखी चमकते. आतल्या कडेपासून बाहेरपर्यंत एकच वळसेदार रेघ असते, ती सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर जाईल. त्या रेघेवर डोळ्यांना न दिसणारे खाचखळगे असतात, प्लेअरमधला लेझरचा किरण ते वाचतो आणि त्याचं गाणं होतं. सुई टेकत नाही, घासत नाही. म्हणून नीट ठेवली तर कंपनीत छापलेली सीडी कित्येक वर्षं टिकते.

"नीट ठेवली तर" हे मात्र खरं. आपण काय करतो? सीडी अडकली की तोंडाची वाफ देतो आणि पदराने गोल गोल पुसतो. पदराला धूळ असते, कधी जर असते. गोल पुसलं की ओरखडा रेघेच्याच दिशेने पडतो, तो किरणाला जास्त नडतो. मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ पुसायचं. आणखी एक. आपल्याला वाटतं चमकणारी बाजू नाजूक आणि नाव छापलेली बाजू दणकट. सीडीत उलटं आहे. तो ॲल्युमिनियमचा थर नावाच्या बाजूला, अगदी वरच असतो. तिथे बॉलपेनने दाबून नाव लिहिलं किंवा चिकटवलेला कागद ओढून काढला, तर थरच जातो. मग कितीही पुसा.

दुसरी फजिती इथली. आमच्या एका गटातल्या आक्कांच्या आई जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. पहाटेचा आवाज, थोडा घोगरा, पण एक ओवी संपायच्या आत दुसरी तयार. २००९ साली, जात्याची जागा गिरणीने घेऊन बरीच वर्षं झाल्यावर, मुलांनी हौसेने तालुक्याच्या एका स्टुडिओत नेऊन तासभर ओव्या रेकॉर्ड केल्या आणि पाच सीड्या करून घेतल्या. आई पुढे वारल्या. परवा दिवाळीत आक्कांनी पेटीतली सीडी काढली, शाळेच्या संगणकात घातली, तर ती नुसती फिरत राहिली. चकतीवर एक ओरखडा नव्हता. स्टुडिओ केव्हाच बंद झालेला. आक्का काही बोलल्या नाहीत, सीडी परत कापडात गुंडाळली आणि घेऊन गेल्या.

झालं काय होतं, तर स्टुडिओत किंवा घरच्या संगणकावर भरलेली सीडी ही कंपनीत छापलेल्या सीडीसारखी नसते. तिच्यात खाचा नसतात, एका रंगाचा थर असतो आणि लेझरने त्यावर डाग पाडलेले असतात. तो रंग उन्हाने, उष्णतेने, दमट हवेने उतरतो. पत्र्याच्या घरात, उन्हाळ्यात, लोखंडी पेटीत तिचं काय होत असेल, विचार करा. म्हणजे वस्तू हातात आहे म्हणून ती कायमची आहे असं नाही. लग्नाच्या, बारशाच्या, साखरपुड्याच्या ज्या सीड्या आपल्या घरात आहेत, त्या सगळ्या या जातीच्या आहेत. पिक्चरच्या सीड्यांपेक्षा आधी त्यांची काळजी करायला हवी.

आक्कांचं नशीब एवढंच, की सीड्या पाच होत्या. एक भावाकडे हरवली, दोन वाचल्या गेल्या नाहीत, पण पुण्याच्या बहिणीने कपाटात, डब्यात ठेवलेली सीडी चालली. शेवटची दहा मिनिटं तुटक येतात, बाकी आवाज जसाच्या तसा. तो आता तीन मोबाईलमध्ये, दोन मेमरी कार्डांवर आणि आपल्या रेडिओ केंद्राच्या संगणकात आहे.

मोठ्या पातळीवर हेच काम करणाऱ्या माणसांची आठवण इथे काढायलाच हवी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉयटवॅ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आधी कागदावर, मग १९९० नंतरच्या वर्षांत टेपवर. पुढे त्या टेपा संगणकात उतरल्या आणि आज पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्या ओव्या इंटरनेटवर फुकट ऐकवतं. गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव सोबत असतं. त्या टेपा नुसत्या कपाटात राहिल्या असत्या तर? उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली आला, गर्दी आवरेना इतका चालला, आणि आज त्याची एकही प्रत कुठे ठाऊक नाही.

हे सीडीचं झालं. पण ॲपमधून पैसे देऊन घेतलेलं जातं म्हणजे काय, ते आमच्या वाडीवरच्या फजितीपुरतं नाही. २०२४ मध्ये एअरटेलने आपलं विंक म्युझिक हे गाण्यांचं ॲप बंद करायचं जाहीर केलं. आपल्यातल्या कित्येकींच्या मोबाईलमध्ये ते होतं. त्याआधी २००९ साली अमेरिकेत तर गंमतच झाली. ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, पण विकत घेतलेलं पुस्तक रात्रीतून घरातून उचलून न्यावं तसं झालं. त्यातलं एक पुस्तक होतं '१९८४', सरकार लोकांच्या घराघरात डोकावतं त्याची गोष्ट. पुढे कंपनीला माफी मागावी लागली.

गेमचं आणखी पुढचं आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' नावाचा मोटारींचा गेम २०१४ पासून विकला जात होता. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने आपला सर्व्हर बंद केला. ज्यांनी दुकानातून डिस्क आणली होती त्यांचीही डिस्क बिनकामाची झाली, कारण गेम चालायला दर वेळी कंपनीचा सर्व्हर लागायचा. म्हणजे डिस्क हातात असूनही खेळ दुसऱ्याच्या हातात. या सगळ्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला: इंटरनेटवर गेम, गाणी, पिक्चर "विकत घ्या" असं म्हणायचं असेल, तर हा फक्त वापराचा परवाना आहे आणि तो जाऊ शकतो, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. आपल्या पोरांचे गेम फुकट असतात, पण आतली नाणी, कपडे, बंदुका पैशाने मिळतात. पोरगं म्हणतं, "आई, हे माझं राहतं." तेव्हा ही मोटारींची गोष्ट त्याला सांगा. आम्ही आमच्या घरी सांगितली. उपयोग थोडासाच झाला, खोटं कशाला बोला.

आता जी गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती. सीडीला नाव लागत नाही. ती पेटीत असते, पेटी उघडेल तिची. ॲपला खातं लागतं, खात्याला मोबाईल नंबर किंवा ईमेल लागतो, आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर. गटातली एक भगिनी दोन वर्षांपूर्वी एकटी झाली. घरातले सगळे फोटो, पोरीच्या वाढदिवसाचे व्हिडिओ, त्यांनी भरून ठेवलेली गाणी, सगळं त्यांच्या खात्यात. पासवर्ड कुणाला ठाऊक नव्हता. नंबर रिचार्जविना बंद झाला, आता तो दुसऱ्या कुणाला मिळालाय. बँकेचं खातं कागदपत्रं दाखवून तिच्या नावावर झालं, हे झालं नाही. गुगलचं साधं खातं दोन वर्षं कुणी उघडलंच नाही, तर गुगल ते पुसून टाकू शकतं, २०२३ च्या डिसेंबरपासून तसा नियम आहे. खातं पडून राहिलं तर ते कुणाकडे जावं हे आधीच लिहून ठेवायची सोयही गुगलमध्ये आहे. बँकेत वारस लावतो तसं. ती भगिनी म्हणाली, "त्यांचा आवाज असलेला एक व्हिडिओ मिळाला असता तरी चाललं असतं." तो शेवटी तिच्या भावजयीच्या जुन्या मोबाईलमध्ये सापडला, व्हॉट्सॲपवर कधीतरी पाठवलेला. सहा सेकंदांचा.

मग परत सीड्याच घ्यायच्या का? तसंही आम्ही म्हणत नाही. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने पिक्चरची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीत एखादी सीडी यायचीच. ती कंपनी बुडाली, २०१८ मध्ये दिवाळ्यात निघाली. पण तिच्या सीड्या ज्यांच्याकडे आहेत त्या अजून चालतात, कंपनी गेली म्हणून कुणाच्या घरातला पिक्चर बंद पडला नाही. हे डिस्कचं बळ. अडचण प्लेअरची आहे. नवीन प्लेअर तालुक्याला मिळत नाही, दुरुस्तीवाला लेन्स नाही म्हणतो, नवीन लॅपटॉपला सीडीची जागाच नसते. ज्यांचा प्लेअर चालू आहे त्यांनी तो विकू नये, एवढं नक्की.

आणि ऐकायला, बघायला, नवीन काही शोधायला मोबाईलच बरा. कशिद्याचा नमुना बघायचा, एखादं जुनं गाणं आठवलं ते लगेच लावायचं, त्यासाठी सीडी कोण शोधणार? खंडाने जमीन घेणं काही वाईट नाही, फक्त तिच्यात विहीर खोदू नये.

आमच्या ग्रामसंघाने जे ठरवलं ते सांगतो. गटाच्या पैशातून ॲपची वर्गणी भरायची नाही. कुणाला हौस असेल तर तिने आपली भरावी. कार्यक्रमाचं गाणं आधी मोकळ्या फाइलीत मिळवायचं, दोन मेमरी कार्डांवर ठेवायचं आणि आदल्या दिवशी, त्याच जागी, त्याच स्पीकरवर, नेटवर्क बंद करून वाजवून बघायचं. मेमरी कार्डही मरतं, म्हणून दोन. ३२ जीबीच्या कार्डात साध्या आवाजाची सात-आठ हजार गाणी मावतात, आपल्याला लागतात वीस. मोबाईलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत "गाणी भरून" मिळतात, ते मात्र परवानगीविना केलेलं असतं. गाण्याच्या रेकॉर्डवर ती निघाल्यापासून ६० वर्षं कंपनीचा हक्क असतो. म्हणून गटाच्या नावाने तसं काही भरून घ्यायचं नाही, हेही इतिवृत्तात लिहिलंय. त्यावर बरीच वादावादी झाली. एक काकू म्हणाल्या, "सगळं गाव भरून घेतं, आपणच तेवढ्या शहाण्या?" ठराव तरी मंजूर झाला, काकूंच्या सहीसकट.

आणि जे आपलं आहे, ओव्या, डोहाळ्याची गाणी, हादग्याची गाणी, लग्नाच्या सीड्या, ते आधी वाचवायचं. त्यासाठी पुढच्या मंगळवारी दुपारी दोन वाजता रेडिओ केंद्रात संगणक आणि सीडीचा ड्राइव्ह लावून ठेवणार आहोत. आक्का त्यांच्या आईच्या ओव्या ऐकवणार आहेत. घरी भरून घेतलेल्या सीड्या, कॅसेटा असतील त्या घेऊन या, सोबत एक रिकामं मेमरी कार्ड आणा. वर नाव लिहिलेलं नसेल तर चिठ्ठी डब्यात ठेवा, सीडीवर पेन लावू नका. त्या वहिनींनी त्यांचा डबा भंगारवाल्याला दिला नसेल, तर तोही येऊ द्या. आणि येताना पदराने पुसू नका, धूळ असली तरी चालेल.